मोहखोरं हिरवं दाखवलं

लाकूड डेपो, फैजपूरमार्गे
दि. २ मार्च १९८७

चि. हिलाल यास कौतिकचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तोंड अजून शाबूत आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. कला आणि पोरं बरी असावीत. पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते फळीवर टाकून देशील हे मी धरून चाललो आहे. सहा वर्षांत एक ओळ नाही आणि आजच काय उगवलं, असंही म्हणशील. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र घरचं नाही, कामाचं आहे. कामाचं पत्र वाचावं लागतं.

यंदाचा आगीचा अंदाज मी परवा शनिवारी रेंजर साहेबांकडे दिला. गार्ड म्हणून नकाशा तुला बिटावर मिळेलच, पण साहेबांच्या शिपायाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. अकरा बिटांपैकी सहा लाल, तीन पिवळी, दोन हिरवी. तुझं मोहखोरं हिरवं आहे. लाल बिटाला पाच फायर वॉचर, पिवळ्याला दोन, हिरव्याला एकही नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. म्हणजे तुझ्याकडची पाचही माणसं उद्यापासून खाली रस्त्याकडच्या बिटांवर जातील आणि पावसाळ्यापर्यंत मोहखोऱ्यात तू एकटा.

आता ताडकन उठू नकोस. पुढचं वाच.

माझी रीत तुला माहीत आहे, तरी चौघांत विचारलं तर सांगता यावी म्हणून लिहितो. मागच्या पावसाळ्यात पाणी किती पडलं, शेवटचा पाऊस कधी, त्याला किती दिवस झाले, सागाची पानं किती गळली, गवत किती वाळलं, वारा कुठला, आणि सर्वांत शेवटी दुपारी अडीचला हवेत ओल किती. प्रत्येकाला गुण. शंभरपैकी सत्तरच्या वर गेलं की लाल पेन्सिल. गेल्या पावसाळ्यात पाऊस निम्म्यावर आला, त्यामुळे यंदा सगळीच बिटं पहिल्या परीक्षेत नापास आहेत. फरक पडतो तो हवेतल्या ओलीचा. ती मोजायला दोन पेट्या आहेत, खालची इथे डेपोत आणि वरची तुमच्या डोंगरावर विश्रामगृहाच्या अंगणात. हवा मोजायची ती सरकारी योजना बंद पडून नऊ वर्षं झाली, पेट्या राहिल्या आणि पेट्यांबरोबर मी राहिलो. लोक अजून खालच्या पेटीला मधमाश्यांची पेटी म्हणतात आणि मला मध मागतात.

वरच्या पेटीत फेब्रुवारीभर ओल चांगली दिसते आहे. कोरड्या आणि ओल्या अशा पाऱ्याच्या दोन नळ्यांमधला फरक खालच्या पेटीत सोळा-सतरा अंश, वरच्या पेटीत दहा; फरक कमी म्हणजे ओल जास्त. एवढा फरक म्हणजे खोऱ्याच्या घडणीचा परिणाम असणार. तीन बाजूंनी डोंगर, वारा आत शिरत नाही, सावली लवकर पडते. आकडे मी दोनदा तपासले. तपासणारा मीच, तेव्हा तू म्हणशील की त्यात काय मोठं. पण अकरा वर्षांत माझा अंदाज दोनच वेळा चुकला आहे, आणि दोन्ही वेळा मी लाल म्हटलं तिथे आग लागली नाही. हिरवं म्हटलं आणि जळलं, असं एकदाही झालेलं नाही.

तुझ्या मनात काय येईल तेही लिहून टाकतो. आईच्या वेळेचा डूख भावाने असा काढला, हेच ना? तू एरंडोलला पोचलास तेव्हा आईचं सगळं आटोपलं होतं, आणि त्याबद्दल चारचौघांत तू मला जे बोललास ते मी विसरलेलो नाही, तूही विसरलेला नसशील. पण त्याचा या नकाशाशी काडीचा संबंध नाही. पेटीला भाऊ कोण आणि परका कोण हे कळत नाही.

तरीही पटत नसेल तर खाली ये आणि भांड. गुरुवारी मी घरीच असतो. साहेबांसमोर भांडायचं तर तसं, ओट्यावर बसून भांडायचं तर तसं. वहिनीला कळण्याची भाकरी टाकायला सांगून ठेवतो. उपाशीपोटी माणूस नीट भांडत नाही.

पोरांना आशीर्वाद.

तुझा,
कौतिक


लाकूड डेपो
दि. २९ मार्च १९८७

चि. हिलाल यास सप्रेम जयभीम.

चार गुरुवार गेले. तू आला नाहीस, पत्रही नाही. वहिनीने दोनदा कळण्याची भाकरी टाकली आणि दोन्ही वेळा मीच खाल्ली, आता ती मला विचारतसुद्धा नाही. तू वरिष्ठांकडेही तक्रार केली नाहीस, हे मी कारकुनाकडून काढून घेतलं. एवढा राग का रे, की भांडायलाही येऊ नये?

असो. कामाचं सांगतो. पारा चाळिशीला टेकला. लाल बिटांवर आतापर्यंत तीन आगी लागल्या, तिन्ही रस्त्याच्या कडेला, तिन्ही वॉचरांनी तासाभरात विझवल्या. साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझी पाठ थोपटली. जळगावच्या कचेरीत अंदाजाची प्रत मागवली आहे म्हणे. दुसऱ्या कुठल्या साली मला चार दिवस झोप लागली नसती आनंदाने.

बुधवारी वर आलो होतो. विश्रामगृहातली पेटी पाहिली, ओल्या नळीचं फडकं बदललं, हे नेहमीचंच काम. मगन चौकीदार बरा आहे. पेटीतले आकडे थोडे इकडचे तिकडे झाले. ऋतू बदलताना होतात. आठ-दहा दिवस पाहीन आणि मग काय ते ठरवीन.

अंगणातून ओढ्यापलीकडचा उतार दिसतो. तू तिथे होतास. पाठमोरा, खांद्यावर कुऱ्हाड, आणि आपल्या बाबांसारखा एक पाय फेकत चालत होतास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मगन शेजारी होता, त्याच्यासमोर तू वळलाच नाहीस तर काय, असं वाटलं. नंतर परतीच्या बसमध्ये स्वतःलाच शिव्या घालत आलो.

उताराचं गवत मला बरं दिसलं नाही. कमरेएवढं आहे आणि पार वाळलं आहे. तू दुष्काळात गुरं आत सोडू दिली नाहीस ते नियमाला धरून आहे, पण गवत तसंच राहिलं.

तुला काही गोष्टी करायला सांगतो. हुकूम नाही, मी तुझा वरिष्ठ नाही. तुझ्या खोलीभोवती दहा-दहा हात जमीन झाडून स्वच्छ ठेव. बिटाच्या दक्षिणेची जाळरेषा होळीआधी जाळली असेल, पण सागाची पानं पुन्हा पडून ती भरली असणार, ती परत झाडून घे. पाण्याचे दोन पिंप भरून ठेव. पाणी कुठून आणायचं हे मला विचारू नकोस, तिकडे पाणी नाही हे ठाऊक आहे मला.

मोहाचं यंदा लवकर सुरू झालं. फुलं वेचणाऱ्यांना झाडाखालचा पाला जाळायची परवानगी साहेबांनी फक्त हिरव्या बिटांत ठेवली आहे, म्हणजे तुझ्याकडे आणि चिरमाळला. पाला न जाळता पिवळं फूल वाळक्या पानांत दिसत नाही, आणि यंदा शेतात दाणा नसताना त्या फुलांवरच त्या लोकांचं पोट आहे, हे सगळं खरं. पहाटे दव असेपर्यंत जाळायचं आणि उजाडायच्या आत विझवायचं, ही रीतही जुनी. तरी यंदा तू स्वतः उभा राहत जा. एका वेळी एकच झाड. वारा सुटला तर लगेच थांबव.

हे मी एवढं का सांगतो असं तुला वाटेल. वय झालं, दुसरं काही नाही. उन्हाळा कडक आहे, एवढंच.

कलाला सांग, वहिनी तिची आठवण काढते. भासरा धाकट्या भावाच्या बायकोला थेट निरोप देत नाही, म्हणून तुझ्यामार्फत.

येत्या गुरुवारी येशील का? भांडायला नको, नुसता ये.

तुझा,
कौतिक


लाकूड डेपो
दि. १२ एप्रिल १९८७, दुपारी तीन

हिलाल,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. मगन खाली आला आहे, उद्या सकाळच्या पहिल्या बसने वर येतो आहे, त्याच्या हाती देतो.

पाला जाळणं बंद कर. एकही झाड नाही. पहाटेसुद्धा नाही. दव आता पडत नाही, तुला ते माहीत असेल. लोक ऐकणार नाहीत, पोटाचा प्रश्न आहे, तर माझं नाव सांग. म्हणावं, डेपोतल्या पेटीवाल्याने मना केलं.

मोहखोरं हिरवं नाही. नकाशा बाजूला ठेव. मी आज नव्याने गुण मांडले. त्र्याऐंशी आले. अकरा बिटांत सगळ्यांत जास्त तुझे आहेत.

साहेबांना आज गाठलं. वरच्या बिटांचा फेरविचार करावा असं वाटतं, एवढं बोललो. त्यांनी विचारलं, का बरं? मी म्हटलं, हवा बदलली. ते म्हणाले, मंगळवारी जयंतीची सुट्टी आहे, माणसं गावोगाव गेली आहेत, बुधवारी पाच जण वर पाठवू. बुधवारपर्यंत तू एकटा आहेस. पुन्हा सांगतो, एकटा आहेस. आग दिसली तर विझवायला धावू नकोस, माणसं काढ आणि ओढ्याच्या खडकावर जा.

बाकीचं भेटीत. मी बुधवारी वॉचरांबरोबर येतो. बाकीचं सांगायचं आहे.

कौतिक


जळगाव, दवाखान्याचा व्हरांडा
दि. ७ मे १९८७, सकाळ

प्रिय हिलाल,

तुझे दोन्ही हात बांधलेले आहेत, तेव्हा हे पत्र कला वाचून दाखवेल. कला, तुझ्याशी मी कधी समोरासमोर बोललो नाही, आणि आता जे लिहितो ते आधी तुझ्या तोंडून बाहेर पडणार आहे. त्याबद्दल मला माफ कर. मधे थांबू नकोस. एखादी ओळ गाळू नकोस.

सव्वीस फेब्रुवारीपासून सांगतो. त्या दिवशी महिनाअखेरचे आकडे घ्यायला मी वर विश्रामगृहात गेलो होतो. पेटी उघडली. आत दोन नळ्या असतात, एक कोरडी आणि एक ओली. ओल्या नळीच्या गोळ्याला पातळ मलमलीचं फडकं गुंडाळलेलं असतं आणि ते पाण्यात बुडलेलं असतं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं, नळी गार होते आणि दोन आकड्यांत मोठा फरक पडतो. फरक मोठा म्हणजे धोका मोठा. एवढीच त्यातली विद्या. पण फडकं मऊ आणि स्वच्छ पाहिजे. पाणी पावसाचं, नाहीतर झऱ्याचं पाहिजे. जड पाणी घातलं तर क्षार साचतात, फडकं कडक होतं, पाणी उडत नाही आणि पेटी म्हणते, हवेत भरपूर ओल आहे.

मी हात लावला तर फडकं वाळल्या पापडासारखं कडक होतं. त्यावर पांढरा थर. मी मगनला विचारलं. तो म्हणाला, “झिरा आटी गया ना भाऊ, पोळापासूनच. आते बोरनं पानी घालस मी.”

पोळ्यापासून. म्हणजे सहा महिने. दुष्काळ इतका पडला की दुष्काळ मोजायलाही नीट पाणी राहिलं नाही, आणि त्यामुळे पेटीला दुष्काळ दिसेना. मगनचा दोष नाही. पेटीत कुठलं पाणी घालायचं हे त्याला मी सांगायला हवं होतं, महिन्याला जाऊन मी पाहायला हवं होतं. दिवाळीनंतर मी एकदाच गेलो होतो. दारातून आकडे उतरवले आणि बस पकडली.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाचीही होते. पुढचं ऐक.

फडकं तिथल्या तिथे बदलता आलं असतं. माझ्या पिशवीत नवीन मलमल होती, बाटलीत डेपोतलं साठवलेलं पावसाचं पाणी होतं. दहा मिनिटांचं काम. मी पिशवी उघडली आणि बंद केली. महिन्याचे आकडे वहीत होते आणि त्यांवरून मोहखोरं हिरवं येत होतं. हिरवं आलं की तुझी पाच माणसं जाणार होती. माणसं गेली की तू चिडणार होतास. चिडलास की खाली येणार होतास, माझ्या ओट्यावर उभा राहून मला शिव्या देणार होतास. हिलाल, सहा वर्षं मी तुझा आवाज ऐकला नव्हता. तुला बोलावण्याची माझी छाती नव्हती, म्हणून तुला चिडवून आणावं असं मला वाटलं. आठ दिवसांत तू आलास की फडकं बदलायचं, आकडे सुधारायचे आणि माणसं परत पाठवायची, असा माझा हिशेब होता. फेब्रुवारीत कुठे आग लागते, असं म्हणालो स्वतःशी. बावन्न वर्षांचा माणूस मी, आणि हा माझा विचार.

हे मी तुझ्या वहिनीला, धुरपदेला, सोडून घरात कोणाला सांगितलेलं नाही. तिने ऐकलं आणि ती उठून कामाला लागली. संध्याकाळी म्हणाली, आईंच्या वेळीसुद्धा तुम्ही असंच केलं होतं. तिचं खरं आहे. आईचा श्वास पाहून मी ठरवलं होतं की अजून तीन-चार दिवस आहेत, रविवारी हिलालला निरोप धाडू, उगाच त्याची रजा कशाला बुडवायची. आई त्याच रात्री गेली. तू मला चारचौघांत बोललास ते योग्यच बोललास. मी सहा वर्षं तुझे शब्द उगाळत बसलो, माझं काय चुकलं ते कधी उगाळलं नाही.

तू आला नाहीस. आठ दिवस झाले, पंधरा झाले. पंचवीस मार्चला मी वर गेलो आणि फडकं बदललं. माझ्या डोळ्यांसमोर ओल्या नळीचा पारा सव्वीसवरून एकोणिसावर आला. कोरडी नळी अडतीसवर. मला गुण मांडायचीही गरज नव्हती. त्या दिवशी, त्याच बसने उतरून साहेबांना सांगायला हवं होतं. पण साहेबांनी चार दिवसांपूर्वीच माझी पाठ थोपटली होती आणि जळगावहून प्रत मागवली होती. काय सांगू, पेटीत दोष होता? मग विचारलं असतं, कधीपासून, तुम्हाला कधी कळलं. मी तुला एकोणतीसला पत्र लिहिलं, जमीन झाड, पाणी भर, उभा राहा. खरं सोडून सगळं लिहिलं. आणि पंचवीसपासून अठरा दिवस वाट पाहिली, की आकडे आपोआप सुधारतील.

बारा एप्रिलला धीर सुटला. तेव्हाही साहेबांना म्हटलं, हवा बदलली.

मगन तेराच्या सकाळी नऊला तुझ्या खोलीवर पोचला. आग सहालाच, मोहाखालचा पाला जाळताना, लागली होती. मला धूर डेपोतून साडेआठला दिसला. डेपोत मोतीलाल ड्रायव्हरचा ट्रक लाकडं भरून उभा होता, तो रिकामा करायला न लावता तसाच टपावर बसून वर आलो. तोवर उतार सगळा पेटला होता. लोक सांगत होते की गार्डने बायकापोरं ओढ्यात उतरवली, मग म्हातारा चिंधा दिसेना म्हणून परत आत गेला. चिंधाला कमी ऐकू येतं, तो वरच्या मोहाखाली टोपली धरून बसलेला. तू त्याला काढलंस. जळती फांदी हातांनी बाजूला करून काढलंस. मी पोचलो तेव्हा तू खडकावर बसला होतास आणि हात पुढे धरून त्यांच्याकडे पाहत होतास. मी समोर आलो. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, “भाऊ, तुमी कवय उनात?” बस, एवढंच. कधी आलात, असं पाहुण्याला विचारावं तसं. मला तेव्हा तुझ्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आत्ताच आलो.

दोन दिवस जंगल जळलं. जयंतीच्या दिवशी खालच्या गावातून मिरवणुकीचा आवाज येत होता आणि आम्ही चाळीस माणसं फांद्या घेऊन झोडपत होतो. नंतर तुझ्या हाती निलंबनाचा कागद आला. हातात नाही, उशाशी ठेवला. गार्डने पाला जाळू दिला, आगीच्या वेळी बिटावर एकटाच होता, निष्काळजीपणा. आज साडेअकराला इथल्या कचेरीत त्याची चौकशी आहे.

परवा मी कचेरीत जाऊन तुझा जबाब वाचला. तू दवाखान्यात दिलेला. सही नाही, अंगठा नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या. तुला विचारलं होतं की झरा आटलेला, गवत वाळलेलं डोळ्यांनी दिसत असताना परवानगी का दिलीस. लिहून घेणाऱ्याने तुझे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. “नकाशा हिरवा व्हता साहेब. तो मना भाऊनी करेल शे. माले वाटनं, जमिनीमा ओल व्हई, माले दिसत नही ती त्याले दिसस. मना भाऊ चुकस नही.”

मग विचारलं, पाच माणसं काढली तेव्हा हरकत का घेतली नाही. तू म्हणालास, खालच्या बिटांना जास्त गरज असेल म्हणूनच भाऊने काढली असतील.

मी तुझ्या रागाची वाट पाहत होतो, आणि तू रागावलाच नव्हतास. माझ्या ओट्यावर भांडायला तू आला नाहीस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. वाळलं गवत तुझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि तू स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझी पेन्सिल खरी मानलीस. हिलाल, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर तुझे हात वाचले असते.

काल साडेचारला मी साहेबांच्या हातात लेखी जबाब दिला आहे. सव्वीस फेब्रुवारीला काय पाहिलं, का गप्प बसलो, पंचवीस मार्चला काय दिसलं, सगळं त्यात आहे. तुला चिडवून आणायचं होतं, हेही लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे शेवटचं वाक्य गाळा, नोकरी जाईल. मी गाळलं नाही. वरच्या पेटीची वही आणि ते कडक फडकं पाकिटात घालून सोबत जोडलं आहे. तुझ्यावरचा ठपका आज निघायला हवा. तो निघाला नाही तर मी इथल्या मोठ्या साहेबांकडे जाईन, तिथून नाशिकला जाईन. ही काही तुला घातलेली अट नाही, म्हणून तुला सांगायच्या आधी देऊन मोकळा झालो. तू मला माफ करावंस म्हणून ते केलेलं नाही.

डॉक्टरांना विचारलं. उजवा हात बराचसा होईल. डाव्याची बोटं पूर्ण वळणार नाहीत. तुला कदाचित सांगितलं नसेल. मी सांगतो, कारण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

कला, वाचलंस. आता तू जे काही माझ्याबद्दल बोलशील ते मला मान्य आहे.

हिलाल, मी तुझ्या वॉर्डाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलो आहे. सकाळी सातपासून आहे. अकरा वाजता उठून चौकशीला जाईन, तिथून परत इथेच येईन. आत ये म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तर इथेच बसेन, तुला घरी नेईपर्यंत रोज. तुझं पाणी, तुझं औषध, बाहेरून काय आणायचं ते कलाच्या हाती आत पाठवीन. तेवढं मला करू दे.

दाराबाहेर बसलेला तुझा भाऊ,
कौतिक